चौदा नंबरच्या प्रतीचा समास

मित्रांनो, आम्ही तीस भावंडं एकाच दिवशी छापून निघालो आणि एकाच खोक्यातून ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंग शहरातल्या एका शाळेत आलो. माझ्या पाठीवर चौदा नंबरचं लेबल आहे. अमेरिकेतलं अगदी सुरुवातीचं साहित्य आमच्या पोटात भरलेलं होतं. समुद्र ओलांडून आलेल्या माणसांच्या रोजनिश्या, त्यांची पत्रं आणि धर्मोपदेशकांची लांबच लांब प्रवचनं. एवढी प्रवचनं पोटात घेऊन जगायचं म्हणजे चेहरा गंभीर होणारच. मुलं आम्हाला विटा म्हणायची. वाईट वाटायचं, पण आमचं वजन पाहता त्यांचंही फारसं चुकत नव्हतं.

अकरावीच्या इंग्रजीच्या तासाला मिस डॉसन आम्हाला बाकांवर वाटायच्या. दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, "मिस, आपण ऑस्ट्रेलियात आहोत. मग हे अमेरिकेचं कशाला?" मिस हसून म्हणायच्या, "घर सोडून लांब आलेली माणसं काय लिहितात, ते बघायला." मग त्या आपला कडक नियम सांगायच्या. पुस्तक शाळेचं आहे, पुढच्या मुलांनाही वापरायचं आहे, त्यात पेन्सिलीचा ठिपकासुद्धा पडता कामा नये. नऊ वर्षं माझा समास कोरा राहिला. त्याचा मला केवढा गर्व होता! आता त्या गर्वाची लाज वाटते.

दहाव्या वर्षी मी लविनाच्या दप्तरातून तिच्या घरी गेलो. लविना हुशार होती, पण त्या जुन्या प्रवचनांपुढे तिने हात टेकले होते. तिची आई लूसी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करायची. वसईच्या मराठी शाळेत शिकलेली बाई. मुलीचा अभ्यास घ्यायचा तर आधी आपण धडा वाचायचा, ही तिची पहिलीपासूनची रीत. लविना सोळा वर्षांची झाली तरी ती रीत काही सुटली नव्हती. कामावरून आली की चहाचा कप घेऊन ती मला उघडायची.

आणि मित्रांनो, जिथे लविना अडायची तिथे लूसी सरसर पुढे जायची! त्या उपदेशकांचे सगळे दाखले बायबलमधले. लूसी लहानपणापासून चर्चमधली मराठी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, ऐकत आलेली. "अगं, हे तर आपल्या फादरांच्या रविवारच्या प्रवचनासारखंच आहे," असं म्हणून ती सोपं करून सांगायची. लविना इंग्रजीत विचारायची, लूसी मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघी मध्येच खुदकन हसायच्या. दिवसभरात त्या दोघी एवढाच वेळ धड बोलत. मला फार बरं वाटायचं.

एक दिवस लूसीने पेन्सिल घेतली आणि माझ्या समासात मराठीत अर्थ लिहिला. मी दचकलोच. लविनाही ओरडली, "मम्मी! इट्स द स्कूल्स बुक!"

"म्हणून तर लिहिते," लूसी म्हणाली. "आमच्याकडे वरच्या वर्गातल्या मुलीचं पुस्तक खालच्या वर्गातल्या मुलीकडे जायचं. ज्यात अर्थ लिहिलेले असायचे, त्या पुस्तकासाठी आम्ही भांडायचो. पुढच्या मुलीला उपयोग होईल ना!"

पुढच्या मुलीला मराठी कुठून येणार, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. लविनालाही मराठी फक्त बोलता यायची, वाचता येत नव्हती. तरी लूसी लिहीत राहिली. आधी नुसते अर्थ होते. मग हळूहळू ती स्वतःचं काही लिहू लागली. नव्या किनाऱ्यावर उतरलेल्या एका बाईने आपल्या आईला लिहिलेलं पत्र माझ्या अठ्ठ्याऐंशीव्या पानावर आहे. त्याच्या बाजूला लूसीने लिहिलं, "मीसुद्धा आईला असंच कळवायचे, सगळं छान आहे म्हणून. थंडीत रडायचे ते कधी नाही कळवलं." मी हे सगळं जपून ठेवत होतो. इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी मला उत्तर दिलं होतं.

मग तो तास आला. लविनाच्या शेजारी टेगन बसायची. तिने माझ्या पानावर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाली, "यक, हे काय गिचमिड आहे?" चारसहा माना वळल्या. मिस डॉसन जवळ आल्या. लविनाचे कान लालबुंद झाले होते. ती म्हणाली, "इट वॉज लाइक दॅट व्हेन आय गॉट इट, मिस."

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण खरं सांगू, मुलांनो? मला तिचा राग नाही आला. सोळाव्या वर्षी सगळा वर्ग आपल्याकडे बघत असला की माणूस काहीही बोलून जातो. तो शब्द तिथेच विरला असता तर किती बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी पालकांना शाळेत भेटायला बोलावलं होतं. लूसी प्रयोगशाळेतून थेट आली, गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही विसरली. लविना तिच्या शेजारी बसली. मिस डॉसननी लविनाचं तोंडभरून कौतुक केलं. या प्रवचनांवर इतका समजून लिहिलेला निबंध त्यांनी कित्येक वर्षांत वाचला नव्हता. लूसीचा चेहरा फुलला. मग मिसनी मला उघडलं आणि चांगल्या मनाने म्हणाल्या, "बिचारीला प्रत मात्र खराब मिळाली. आधीच कुणीतरी रेघोट्या ओढून ठेवल्या होत्या, असं लविना सांगत होती."

लूसीने आपल्या अक्षराकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. लविनाने मान वर केली नाही.

"ओह," लूसी म्हणाली. "नो वरीज. आम्ही पुसून देऊ."

रविवारी चर्चहून आल्यावर ती रबर घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. लविना दारात उभी राहिली. "मम्मी, आय विल डू इट."

"राहू दे. तुझा अभ्यास आहे," लूसी म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर लविनाला निदान रडता आलं असतं. सॉरी तिच्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. लूसीने एकेक पान हलक्या हाताने साफ केलं, रबराचा चुरा ओंजळीत गोळा करून टाकून दिला.

त्यानंतर लविना मला खोलीत एकटीच वाचायची. बाहेरून लूसी विचारायची, "काही अडलंय का गं?" आतून उत्तर जायचं, "नो, आय ॲम गुड." तीन-चार वेळा असं झालं. मग लूसीने विचारणं सोडलं. वर्ष संपल्यावर मी शाळेत परत गेलो. मी अगदी नव्यासारखा झालो, असं मिस म्हणाल्या. मला त्या कौतुकाचा फार त्रास झाला.

तीन वर्षांनी अभ्यासक्रम बदलला. आम्हा तिसांना रद्दीसाठी तीन खोक्यांत भरलं. त्या दुपारी लविना आली. आता युनिव्हर्सिटीत शिकणारी, पण चेहरा ओढलेला. तिने मिसना चौदा नंबरची प्रत मागितली.

"ते माझ्या मम्मीने लिहिलं होतं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले होते. मम्मी ऑगस्टमध्ये गेली, मिस. मी तिला सॉरी म्हणालेच नाही."

 मिसनी खाली बसून तिन्ही खोकी उपसली.

लविनाने मला खिडकीशी नेलं. मम्मी गेल्यावर ती आपल्या पपांकडून मराठी वाचायला शिकली होती, अक्षर अक्षर लावून. उन्हात पान तिरपं धरून ती पेन्सिलीचा वळ शोधू लागली. एक पान, दुसरं, पन्नासावं, शंभरावं. पण शाळेचं पुस्तक म्हणून लूसीने जपून, अगदी हलक्या हाताने लिहिलं होतं. काहीसुद्धा उरलं नव्हतं.

आता मी लविनाच्या टेबलावर असतो. ती अजून कधीकधी समासावरून बोट फिरवते. मित्रांनो, पुस्तकं स्वच्छ ठेवा, असं तुम्हाला सगळेच सांगतील. जरूर ठेवा. पण तुमच्यासाठी कुणी जीव लावून काही लिहिलं, आणि चार जणांत विचारलं की हे कुणाचं, तर सांगा, माझ्या आईचं. एवढंच सांगा. कारण पुसलेलं सगळं मला पाठ आहे, आणि ते लविनाला सांगायला मला तोंड नाही. शेवटच्या पानाच्या समासात, अगदी खाली, लूसीने लिहिलं होतं:

"लविनाला हे वाचता येत नाही, म्हणून लिहिते. ती शेजारी बसून अभ्यास करते ना, तेवढा वेळ मला या देशात एकटं वाटत नाही."