कुलपापाशी विसरणारे साहेब

चौकशीच्या खुर्चीत बसलेले साहेब, तुम्ही विसरभोळे नाही. तुम्ही लबाड आहात. ज्या बाईला अडाणी समजून समोर बसवलंत, तिच्या ते ध्यानात आलं, म्हणून ही गोष्ट सांगायची.

ताई शीतगृहात खोकी भरायची. धाकटा भाऊ तिथेच आतल्या खोलीत यंत्रावर होता. गॅस गळला तेव्हा तो मागच्या दाराकडे धावला. दाराला बाहेरून कुलूप. माल चोरीला जातो म्हणून पाळी सुरू झाली की मुकादम ते घालायचा आणि किल्ली खिशात टाकून चहाला जायचा. भाऊ दाराशीच सापडला. कुलूप ताईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

चौकशीच्या दिवशी मुकादम जिन्यातच तिच्या कानाशी लागला. "ताई, गेलेला माणूस परत येत नाही. दाजी आज आतल्याच खोलीत पाळीला आहेत ना? जपून राहा म्हणावं."

साहेबांना मराठी कळायचं, पण कागद इंग्रजीत हवा, म्हणून साहेब इंग्रजीत बोलणार, ताईचं म्हणणं मुकादम इंग्रजीत सांगणार, अशी सोय. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. ताईला इंग्रजी येतं का, हे कुणी विचारलंच नाही. भावाच्या नादाने तीही संध्याकाळच्या वर्गाला जायची. बोलता बोलता माणूस भरकटला की काय म्हणायचं, ते दोघांनी भांडी घासताना घोकलं होतं. 'व्हेअर वॉज आय' म्हणजे मी काय सांगत होतो. "खुर्चीत बसलाय आणि विचारतोय, मी कुठे होतो," भाऊ खिदळायचा.

साहेब मागच्या दारापर्यंत आले आणि थांबले. "व्हेअर वॉज आय?" मग पंख्यांची चौकशी झाली. पुन्हा दार आलं. "आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट." विचारांची गाडी हुकली म्हणे. मग चहा आला. ताईला आधी वाटलं, वय झालंय बिचाऱ्याचं. पण गाडी दर वेळी त्याच दाराशी कशी हुकते?

"साहेब, कुलूप बाहेरून होतं," ती म्हणाली.

मुकादम हात जोडून वळला. "शी हॅज लॉस्ट द थ्रेड, सर."

बाईचा धागा सुटलाय. टायपिस्टने ते टाइप केलं. साहेबांनी मान डोलावली, दुखवट्याला आल्यासारखी.

"नो, सर," ताई म्हणाली. "आय हॅव नॉट लॉस्ट द थ्रेड."

टायपिस्टची बोटं थबकली. मुकादम हसायला गेला, पण हसू काही फुटेना. एवढ्यात खाली पाळीचा भोंगा वाजला. ताईचा नवरा आत गेला असणार.

"साहेब, मागचं राहू द्या," ती आता आपल्या भाषेत म्हणाली. "माझा माणूस आत आहे. या घडीला त्या दाराला कुलूप आहे की नाही? मुकादमाकडे बघू नका. मला सांगा."