महालक्ष्म्यांपुढचं स्टेशन

आमच्या घरी महालक्ष्म्यांपुढची आरास दर वर्षी साधीच असते. गव्हाचे हिरवे कोंब, मातीची बैलजोडी, एक कान तुटलेला चिनीमातीचा ससा आणि वर टांगलेला फुलोरा. त्या वर्षी मात्र आमच्या ह्यांनी जाहीर केलं, की महालक्ष्म्यांपुढं रेल्वेचं स्टेशन होणार. तेही विलायती, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, कमानींचं आणि घड्याळाच्या मनोऱ्याचं. हुलसूरला रेल्वे नाही, यायची बोली नाही, आमच्या घरात धड चालणारं घड्याळसुद्धा नाही. पण ह्यांनी एकदा मनावर घेतलं की घेतलं.

ह्यांचं नाव अंबाजी. कागदावर लिहायला हरकत नाही, तोंडानं मी घेत नाही. गावात किराणा दुकान, गावाबाहेर तुरीचं थोडं रान, असा आमचा संसार. ह्यांना डोळे देवानं दिलेत ते फक्त बांधकाम बघायला. कुठं भिंत उठायला लागली, पूल व्हायला लागला, विहिरीचं कडं बसायला लागलं, की हे तिथं हात मागं बांधून हजर. गिऱ्हाईक गूळ मागून मागून निघून जातं आणि भाकरी गार होते.

ह्या डोळ्यांपायीच त्याच्या तीन वर्षं आधी घोळ झाला होता. ह्यांची थोरली बहीण राजूबाई, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ठाणाकुशनूरला दिलेली. महालक्ष्म्यांना लेकीनं माहेरी यायचं आणि तिला आणायला माहेरच्या माणसानं मुराळी म्हणून जायचं, ही आमच्याकडची रीत. मुराळ्याशिवाय आलेल्या लेकीला लोक नावं ठेवतात. त्या वर्षी असं ठरलं, की अक्कानं कमालनगरला गाडीत बसायचं आणि ह्यांनी भालकीच्या फलाटावर तिला उतरवून घ्यायचं. हे वेळेवर गेले. वेळेच्या आधी गेले, तिथंच चुकलं. गाडीला अवकाश होता, तेव्हा ह्यांच्या मनात आलं, की सिग्नलची ही तार जाते तरी कुठं? निघाले तारेच्या कडेकडेनं. इकडं गाडी आली, अक्का ट्रंक घेऊन उतरली, तर तिला दिसली लांब रुळाच्या कडेनं चाललेली भावाची पाठ. तिनं हाका मारल्या. पाठ काही वळली नाही. समोरच्या रुळावर परतीची गाडी उभीच होती. अक्का तिच्यात चढली आणि आली तशी परत गेली.

तेव्हापासून ती आली नाही. थोरल्या महालक्ष्मीला लुगडं नेसवायचा मान घरच्या लेकीचा. तो तीन वर्षं मीच उरकत होते आणि दर वर्षी निऱ्या एका अंगाला झुकत होत्या. बायका हळदीकुंकवाला आल्या की म्हणायच्या, "सुशीलाबाई, देवी जरा वाकडी उभी हाय का?" मला सासू नव्हती. या घरात नवी आले तेव्हा चुलीपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं अक्कानंच हाताला धरून शिकवलं. मला तिची फार आठवण यायची. ह्यांच्याशी या एकाच गोष्टीवरून तीन वर्षं भांडले आणि एकदाही हरले नाही, पण त्यानं अक्का थोडीच येते?

आता स्टेशनाकडं येते. जहागिऱ्या गेल्या तेव्हा बड्या घरांमधलं सामान हैदराबादच्या जुम्मेरात बाजारात रस्त्यावर मांडलेलं असे. हे दुकानाचा माल आणायला गेले आणि तिथून एक लाकडी पेटी घेऊन आले. आत पोरांच्या खेळातल्या विटा. बोटाएवढ्या, लाल, पांढऱ्या, राखाडी. गोल खांब, टोकदार शिखरं, कमानीसाठी पाचरीसारख्या विटा. झाकणाच्या आतल्या बाजूला एका विलायती स्टेशनाचं चित्र. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा ही पेटी कुणासाठी, हे विचारायची गरजच नव्हती.

"अक्काला निरोप धाडतो," हे म्हणाले. "म्हणावं, तुझ्यासाठी टेशन बांधायलाव. मग बघू, राग कसा टिकतोय ते."

"अवो, बहिणीला भाऊ पायजे का टेशन?"

"तू बघ तर खरं."

आमच्या शेजारचा रेवणप्पा गुळाचा व्यापारी. तो कमालनगरच्या बाजाराला निघाला होता, तिथून ठाणाकुशनूर जवळच, म्हणून त्याच्याजवळ निरोप दिला. स्वतः जावं, हे ह्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. डोक्यात कमान होती ना!

कमानीनं आमचा जीव खाल्ला. हे धान्याचं मापटं आडवं ठेवायचे, त्यावर पाचरीच्या विटा रचायच्या, मधली वीट बसवायची आणि श्वास रोखून मापटं ओढायचे. कमान धाडकन खाली. परत रचायची, परत खाली. दुकानात मापटं नाही म्हणून गिऱ्हाइकाला मी ओंजळीनं ज्वारी दिली. आमचं स्टेशन बघायला रेवणप्पाची बायको शरणम्मा रोज यायची आणि कमान पडली की हळहळायची. एकदा तिनं विचारलं, "सुशीलाक्का, ह्यात महालक्ष्म्या बसायच्या कुठं? तिकिटाच्या खिडकीत?" ह्यांनी तिच्याकडं असं बघितलं, की बिचारी चहा न घेता गेली.

शेवटी कमानी उभ्या राहिल्या. खांब लागले, तिकिटाची खिडकी झाली, फलाट झाला. मग छपराला विटा पुरेनात. जहागीरदाराच्या नातवंडांनी निम्म्या हरवल्या असणार. मी फुलोऱ्यासाठी शंकरपाळे तळून ठेवले होते. दुपारी डबा उघडते तर निम्मा रिकामा, आणि स्टेशनावर खमंग कौलं!

"देवीचा फुलोरा हाय तो!"

"देवीपुढंच हाय की. वर टांगला काय आन् छपरावर ठेवला काय." वर मलाच म्हणाले, "जरा जाड लाटली असतीस तर बरं झालं असतं. पावसात टिकली असती."

स्टेशनावर मुंग्यांची गाडी सुरू झाली, तरी ह्यांचं समाधान ढळेना. आता फक्त घड्याळाचा मनोरा राहिला होता.

तेवढ्यात रेवणप्पा परत आला. दारातच उभा राहून म्हणाला, "अंबाजीअण्णा, तुमच्या अक्कानं जसं सांगितलं तसं सांगतो. माझ्यावर रागवू नका. ती म्हणली, टेशन तुझं तुलाच. आवाहनाच्या आदल्या दिवशी मी बिदरला मावसबहिणीकडं जाणार हाय. गाडी भालकीला थांबती. फलाटावर तुझं तोंड दिसलं तर उतरते. पाठ दिसली तर तशीच फुडं जाते, आन् पुन्हा हुलसूरचं नाव घेत न्हाई."

ह्यांच्या हातातली वीट तशीच राहिली. ती त्यांनी परत पेटीत ठेवली. मग म्हणाले, "जातो की. त्यात काय एवढं."

"मी बी येणार," मी म्हणाले.

"तू कामून?"

"तुमचा सदरा धरायला."

घर शरणम्माच्या हवाली करून पहाटेच गाडी जुंपली. वाट चिखलाची. वाटेत एका नाल्यावर नवी मोरी बांधत होते. मी बैलांचे कासरे स्वतःच्या हातात घेतले आणि ती मागं पडेपर्यंत सोडले नाहीत. भालकीला पोचलो तर गाडी यायला थोडाच वेळ होता. मला हायसं वाटलं. पण आमचं नशीब इतकं सरळ कधी असतं?

फलाटाच्या टोकाला मालधक्क्याचं नवं दार चाललं होतं. कमानीचं दार! दगडी कमान पुरी झालेली आणि खाली आधाराचा लाकडी सांगाडा. गाडीची घंटा झाली आणि नेमकं त्याच वेळी गवंडी ओरडला, "चला, सांगाडा सोडा!" ज्या गोष्टीवर ह्यांनी एवढे दिवस मापटं झिजवलं, ती आता खऱ्या दगडात होणार होती. ह्यांची मान वळायला लागलेली मी बघितली.

"अवो!"

"न्हाई बघत, न्हाई बघत," हे म्हणाले, आणि डोक्याच्या पटक्याचा सोगा सोडून त्यांनी तो गालावरून, नाकावरून असा गुंडाळला, की टांग्याच्या घोड्याला लावतात तशी झापडं तयार झाली. समोरच्या रुळाशिवाय काही दिसायला नको. हे ताठ उभे राहिले. मी मागून सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. मला वाटलं, केवढा शहाणा माझा नवरा!

गाडी आली, थांबली. बायकांच्या डब्याच्या खिडकीत अक्का होती. तिनं सगळा फलाट नजरेखालून घातला. एक हमाल, दोन पोलीस, एक शेळी, आणि तोंड बांधून उभा असलेला कुणी दरोडेखोर; मी तर ह्यांच्या पाठीआड. तिची नजर ह्यांच्यावरून गेली, पुढं गेली, परत आली नाही. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. तिला तोंड बघायचं होतं आणि आम्ही नेमकं तेच झाकलं होतं!

"अक्का, हेच ते!" मी ओरडले, पण इंजिनाच्या शिटीत माझा आवाज बुडाला. अक्कानं खिडकीतून मान आत घेतली. गाडीनं हिसका दिला.

मी पटक्याचं टोक पकडून ओढलं. हे गर्रकन फिरले, पटका सुटला, आणि तो हातभर लांब मागं फरफटत असताना हे गाडीबरोबर पळायला लागले. "अक्का! तोंड! हे बघ तोंड! अक्का, माझं तोंड!"

सगळी गाडी खिडक्यांना लागली. डब्याच्या दारातून आधी ट्रंक आली, मग अक्का. गाडी चालण्याच्या वेगानं निघाली होती म्हणून बरं. ह्यांनी तिला सावरलं आणि दोघं बहीणभाऊ फलाटावर बसकण मारून बसले.

अक्का लुगडं झटकत उठली. "मागल्या बारीला पाठ दावलास. आता तोंड झाकून उभा. कामून रं अंब्या?"

ह्यांनी न बघताच मागं बोट केलं. "तिकडं कमान सोडायलेत. बघावंसं वाटू नये म्हणून."

अक्कानं कमानीकडं बघितलं. मग भावाकडं. "मग? उभी राहिली का?"

"ठाऊक न्हाई," हे म्हणाले. "मी बघितलो न्हाई."

अक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ह्यांच्या डोक्यावर एक टपली मारली आणि तिथंच रडायला लागली. माझं तर आधीच सुरू झालं होतं.

घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी तिनं स्टेशन बघायला मागितलं. हे पणती घेऊन एकेक गोष्ट दाखवत होते: ही तिकिटाची खिडकी, ह्या कमानी, इथं घड्याळाचा मनोरा येणार. अक्कानं छपराचा एक शंकरपाळा काढून खाल्ला. मग खाली वाकून फलाट बघितला.

"टेशन झ्याक हाय. पर उतरणाऱ्या बाईला घ्यायला कोण न्हाई होय रं हितं?"

ह्यांनी पणती फलाटाजवळ नेली. एवढ्या कमानी मोजल्या, खांब मोजले, आणि माणूस ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मलासुद्धा नाही.

अक्का सैपाकघरात गेली, परातीतल्या कणकेचा गोळा घेऊन आली. पाय केले, पोट केलं, डोक्याला पटका केला. पटक्याची पट्टी गालावरून नाकावरून फिरवली आणि फलाटावर ठेवायला गेली, तर मुराळी छपराला अडायला लागला.

"अक्का, माप चुकलंय," हे म्हणाले. बोटभर वीट इकडची तिकडं झाली तर जेवण न जाणारा माणूस तो. "माणूस टेशनापेक्षा मोठा झालाय."

"व्हय," अक्का म्हणाली. "तसाच पायजे."

दुसऱ्या दिवशी थोरल्या महालक्ष्मीला अक्कानं लुगडं नेसवलं. निऱ्या सरळ पडल्या. ह्यांनी मनोरा काही बांधला नाही. सकाळभर बसून फलाटावरच्या दोन कमानी आणि छप्पर हळूच उतरवून घेतलं, म्हणजे मुराळ्याला ताठ उभं राहता यावं.