चंपतले कोन झाला

आमच्या घरात मानूस मातीत उतरवतांनी त्याचा वंश म्हनतात. एक नाव घ्याचं अन् हातभर दोर सोडाचा. कोंडबा आजा येशूकडं आला तवा त्याले बायबलातलं मत्तयाचं पयलंच पान आवडलं, याले तो झाला, त्याले हा झाला. बाकीचे लोक ते पान गपकन पलटवतात. आजानं ते आमच्या मयतीत आनलं. शेवटचं नाव मेलेल्याच्या पोराचं. ते घेतलं का पेटी खाली टेकली पायजे, मंग त्या पोरानं दोर सोडून द्याचा.

तं बाबाच्या मातीले शेवटचं माह्यं नाव घ्याचं होतं. विनय.

मी बाबाच्या रक्ताचा नाई. माय वांकिडीहून दुसऱ्या लग्नानं इथं तलमडुगूले आली तवा मी तिच्या कडेवर होतो. हे साऱ्या गावाले माईत हाय. बाबानं मले कधी त्याची आठवन देल्ली नाई. नववीत सरच्या अंगावर डस्टर फेकून म्या शाळा सोडली तवा तो एवढंच म्हनला, "लागलं काय त्याले?"

"नाई."

"मंग नेम खराब हाय तुहा. चाल, गठानी उचल." अन् कापसाच्या जिनिंगात सोबत घेऊन गेला.

मंग त्याले कावीळ झाली. आखरीले डोये असे पिवळे झाले का मले त्याच्याकडं पाहावत नोतं.

कबरस्तान नाल्याच्या काठाले हाय, चिंचोळं. जिकडं जागा घावते तिकडं खड्डा खोदतात, सरळ-तिरपं कोनी पाहत नाई. खांदा देतांनी मी पायाकडं होतो, पन थडग्यायच्या मधून नेतांनी पेटी दोनदा फिरवा लागली. दोराले आमी चौघं. मी, काकाचा पोरगा प्रितम अन् दोघं भाऊबंद. वंश म्हनाले नागेशकाका उभा, बाबाचा सख्खा भाऊ.

"सटवाले कोंडबा झाला."

हातभर दोर.

"कोंडबाले चंपत झाला."

हातभर दोर.

मी काकाच्या तोंडाकडं पाहून राह्यलो. दात खर्रा खाऊखाऊ लाल. त्यानं व्हट मिटले. पेटी तळाच्या हातभर वर लटकून राह्यली.

"काका, पुढं म्हना ना."

"संपलं."

"माह्यं नाव?"

"हे रक्ताचे नावं हायेत पोट्ट्या. सोड दोर."

"मंग मत्तयात कसं? सारे बाप-आजे योसेफाचे, येशूच्या मायच्या नवऱ्याचे, लिवले हायेत. अन् येशू योसेफाच्या रक्ताचा होता काय? तरी त्या बाप-आजायले त्याचेच म्हनतात ना?"

पास्टरगारू तेलुगूवाले. आमची भाषा समजते त्यायले, पन तवा समजली नाई. "शांती बाबू, शांती," एवढंच म्हनत राह्यले.

काका हासला. "येशूचा बाप देव होता. तुहा कोन होता, इचार तुह्या मायले."

मांगं कोनीतरी फिसकन हासलं.

माह्या हातातून दोर कवा सुटला मले समजलं नाई. मी काकाच्या गचांडीले होतो. पेटीचा एक कोपरा धाडकन खाली आदळला, आत काईतरी सरकल्याचा आवाज आला. बायायनं हंबरडा फोडला. बाकी तिघायनंबी दोर टाकून देल्ले, प्रितमनं माह्या तोंडावर बुक्की मारली अन् साऱ्यायनं मले वढून बाजूले केलं.

माय तवरोक बायायमधी बसून होती. ती उठली, खड्ड्याच्या तोंडापाशी आली. डोक्यावरचा पदर खाली पडला, तिनं तो घेतला नाई.

"चंपतले विनय झाला," ती म्हनली. "मी त्याची बायको हावो, भाऊजी. त्याले कोन झाला ते मले इचारा."

 काकानं माती लोटाले उचललेलं फावडं खाली ठेवलं.

"ठीक हाय वयनी. मंग विनयलेच पुरू द्या त्याले. चला रे."

तो निंगाला. त्याच्या मांगं प्रितम, मंग भाऊबंद, मंग त्यायच्या बाया. सारे त्याचेच होते. पास्टरगारूनं हवेत क्रूस काढला, मायकडं पायलं, मंग गाडीले किक मारून तेबी गेले.

आमी दोघंच राह्यलो. काळी माती ओली होती, फावड्याले चिकटत होती. दर खेपेले बोटानं खरडून काढा लागे. माय गुडघ्यावर बसून हातानं ढेकलं लोटत होती. पेटी तिरपी होती तशीच राह्यली. मी उतरून सरळ करतो म्हनलो तं माय म्हनली, "राहू दे, तुह्यानं एकट्यानं हालनार नाई."

खड्डा भरला तवा दिवस कलला होता. मायनं लाकडाचा क्रूस उचलला. तो डोक्याकडं गाडा लागते.

"डोकं कोन्या बाजूले हाय रे?"

म्या सांगाले तोंड उघडलं. पेटी उतरत होती तवा म्या एक डाव बी खाली पायलं नोतं. काकाच्या तोंडाकडंच पाहून राह्यलो होतो, माह्यं नाव येते का म्हून.

माय माह्याकडं पाहत होती. तिच्या कोपरापर्यंत चिखल होता.

"इकडं," म्या म्हटलं, अन् नाल्याकडं बोट दाखवलं.

तिनं तिकडं क्रूस रोवला. म्या वरून दगडानं ठोकून देल्ला, हालू नाई म्हून.