बुधवारची ओहोटी

तक्तेबाईंचं खरं नाव शाळेत कुणी घेत नसे. सव्वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांनी एकहाती बसवलं, म्हणून तक्तेबाई. बत्तीस वर्ग, प्रयोगशाळा एकच, तरी कुणाचा तास कुणाच्या तासावर कधी आपटला नाही. निवृत्तीनंतर आपटायला एकच माणूस उरला, तो म्हणजे त्यांचा सख्खा दादा.

दादा सत्तरीचा. वहिनी गेल्यापासून मोठ्या घरात एकटाच. त्याने धोशाच लावला होता, की बाईमाणसाने या वयात एकटं कसं राहायचं, तुझं ते दोन खोल्यांचं घर विकून टाक आणि माझ्याकडे ये. बाईंचा त्या घरात जीव. स्वतःच्या पगारातून घेतलेलं, आणि दिवा कधी मालवायचा हे विचारणारं तिथे कुणी नाही. भांडता भांडता गोष्ट पैजेवर गेली. बाईंनी परदेशात दहा दिवस एकटीने राहून दाखवायचं. कुणाकडेही मदत मागितली, की घर विकून मुकाट्याने दादाकडे यायचं. दादाला रोज एक फोन करायची सवलत होती, तीही बहीण जिवंत आहे की नाही एवढंच विचारायला.

तर बाई एका समुद्राकाठच्या गावी उतरल्या. तिथली पायवाट प्रसिद्ध. कड्यावरून पिवळ्या रानफुलांतून जायची, मग पायऱ्यांनी खाली उतरून तासभर कड्याच्या पायथ्याशी वाळूतून, आणि पुन्हा वर. वाळूचा तुकडा फक्त ओहोटीतच पार करता येई. त्यासाठी बाईंनी जिथे खोली घेतली होती त्या घराची मालकीण रोज सकाळी दारातल्या फळ्यावर ओहोटीची वेळ लिही. पहिल्या बुधवारी दुपारचे बारा. गुरुवारी पाऊणच्या पुढे. शुक्रवारी आणखी पुढे. बाईंच्या लगेच लक्षात आलं, की प्रत्येक वाराची वेळ वेगळी आहे, जशी चित्रकलेच्या तासाची असते. त्यांनी वहीत रेघा आखल्या, सात वार, सात वेळा, सुबक चौकटी. रोज पुसून रोज लिहिणाऱ्या मालकिणीची त्यांना कीवच आली. एकदाच तक्ता करून लावायला काय होतं या बाईला?

भरती-ओहोटी चंद्रावर चालते हे त्यांच्या कानांवरून गेलं नव्हतं असं नाही. पण भूगोलाशी त्यांचा संबंध एवढाच, की तो मंगळवारी आणि शुक्रवारी चौथ्या तासाला असे.

दुसऱ्या बुधवारी फळ्याकडे ढुंकूनही न बघता बाई आठ वाजता निघाल्या. बाराला ओहोटी, म्हणजे पाणी आता मागे मागेच जाणार. वाळूत उतरल्या, शिंपले वेचले, स्वतःचे सहा फोटो काढले. त्यांतल्या चारांत नुसतं कपाळ आलं. समुद्र हिरवा, निळा, मध्येच चांदीसारखा. एवढं सुंदर एकटीने बघायला मिळतंय या आनंदात अर्धा तास गेला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की बूट भिजलेत. मागे पाहिलं तर मागची वाळू नाहीशी. पुढे पाहिलं तर पुढचीही. पाणी तक्त्याबाहेर वागत होतं.

कड्याला लागून एक मोठा धोंडा होता. लोक पायावर धोंडा मारून घेतात, बाई धोंड्यावरच चढून बसल्या. वरच्या भागावर कोरडं गवत होतं, म्हणजे पाणी तिथवर येत नसावं. नसावंच, असं त्यांनी स्वतःला दहादा बजावलं. पायवाटेच्या पाटीवरच्या मदतीच्या नंबराचा फोटो मोबाइलमध्ये होता. नंबर लावला की बोट येणार, आणि घर जाणार. त्यांनी तो फोटो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. अतिशहाण्याचा बैल रिकामा, आणि तो बैलही आपणच, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

अकराला दादाचा फोन आला. बाईंनी आवाज हसरा केला. सगळं उत्तम चाललंय, हवा छान आहे.

"चिमे, हा आवाज कसला?"

"समुद्राचा."

"इतक्या जवळून?"

बाईंनी सगळं सांगितलं, तक्त्यासकट. आता तो 'तरी मी सांगत होतो' म्हणणार, म्हणून त्या ओठ आवळून बसल्या. दादा तसं काहीच म्हणाला नाही. पाणी पायांपासून किती हात खाली आहे, एवढंच विचारलं. मग म्हणाला, फोन ठेवू नकोस.

साडेतीन तास तो बोलत राहिला. दर दहा मिनिटांनी पाणी विचारी, मध्ये बाकीचं बोले. लहानपणी बाईंनी खेळातल्या बाहुल्यांनाही हजेरी लावायला सांगितली होती, ते. शेजारी बोलायला येत नाही, ते. कालचाच भात खातो, ते. मग सांगून गेला, की आपण उभ्याउभ्याच जेवतो, एकट्यासाठी ताट काय मांडायचं. दोन वर्षं हा माणूस 'तू एकटी कशी राहणार' म्हणत होता, आणि दोन वर्षं आपण त्याला भलत्याच प्रश्नाचं तावातावाने उत्तर देत होतो, हे त्यांना त्या धोंड्यावर बसून कळलं. लाज वाटली.

अडीचला पाणी उतरलं. बाई वाळू ओलांडून पलीकडच्या पायऱ्यांनी वर आल्या आणि गवतावर बसल्या.

"मदत मागितली नाहीस हं तू," दादा म्हणाला. "पैज तुझी. घर ठेव." मग म्हणाला, "आज दुपार कशी गेली कळलंच नाही बघ."

ठेवतो म्हणाला, पण फोन ठेवला नाही. बाईंनीही ठेवला नाही.

"दादा, माझी पुढची खोली रिकामीच असते. नुसते कपडे वाळत घालते मी तिथे."

"पंखा आहे का त्या खोलीत?" दादाने विचारलं.