उंटीण

तोताराम नानांनी छत्रीचं टोक टायरला दोनदा टोचून पाहिलं, बाजारात म्हैस घेणारा तिच्या बरगड्यांना बोट लावून बघतो तसं. टायर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं, नानांच्या मांडीच्याही वर आलेलं. त्याला छत्रीचं काय होणार? मग ते पुढे गेले. बॉनेटवर हात ठेवावा म्हणून त्यांनी हात उचलला, तर टाचा उंचवाव्या लागल्या. एवढ्यावरच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ही दादाची गाडी?" त्यांनी विचारलं.

लीलाधर पस्तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप; पण चुलत्यापुढे तो पायाच्या अंगठ्याने अंगणातला चिखल उकरत उभा राहिला.

गाडी त्याच्या बापाचीच होती. रुपचंद आबांनी छप्पन्न साली मुंबईहून आणलेली लँडमास्टर. तेव्हा आसपासच्या गावांत दुसरी मोटार नव्हती, आणि पुढेही बरीच वर्षं नव्हती. आबा गेल्यावर चार वर्षं ती ताडपत्रीखाली उभी राहिली. उंदरांनी गादी पोखरली, पत्र्याला गंज चढला. भंगारवाला दोनदा डोकावून गेला, तेव्हा लीलाधरने ती जळगावला ट्रकमधून नेली आणि मिलिटरीच्या लिलावातल्या एका जीपच्या सांगाड्यावर तिचं धड चढवून आणलं. चारही चाकांना ताकद, डिझेल इंजिन, सायलेन्सर ट्रॅक्टरसारखा वर आभाळाकडे. मागचा अर्धा भाग कापून तिथे लोखंडी हौदा बसवला, केळीचे घड भरायला. पुढे जीपच्या दोन सुट्या खुर्च्या, मध्ये गिअरचे दांडे. बॉनेट, दिवे आणि पुढची जाळी तेवढी जुनी राहिली. त्यामुळे समोरून बघणाऱ्याला आबांची आठवण यायची आणि बाजूने बघणाऱ्याला हसू.

हे केलं त्याला कारण होतं. शेत नाल्यापलीकडे, जमीन काळी. श्रावण-भाद्रपदात बैलगाडी तिथे आसापर्यंत रुतायची, आणि कापलेला माल बांधावर पिवळा पडायचा. पण कारण कोण विचारतं? आपल्याकडे माणूस आजारी पडला की औषध आणि माणसाने काही नवं केलं की मत, दोन्ही न मागता मिळतं. समोरच्या ओट्यावरचा अभिमन म्हणाला, गाडीले हत्तीरोग झाला. कोणी म्हणालं, या गाडीत गावचे एवढे नवरदेव मिरवले, आता नवरदेवाला काय शिडी लावून चढवायचं? शाळेतले धरणगावचे गुरुजी म्हणाले की हा जुन्या वस्तूचा अपमान आहे. एवढं बोलून, चिखल फार आहे तेव्हा शाळेपर्यंत सोडता का, असंही त्यांनी विचारून घेतलं. उंटीण हे नाव कोणी ठेवलं ते कळलं नाही, पण दोन दिवसांत ते पक्कं झालं.

आणि प्रत्येकाचं मत शेवटी एकाच जागी येऊन थांबायचं. बाकी जाऊ द्या, पण त्या माउलीला काय वाटत असेल? नवऱ्याची एवढी एक निशाणी, तीही पोराने कापली.

माउली म्हणजे बेबाबाई, लीलाधरची आई. त्यांना काय वाटतं ते कोणी त्यांना विचारलं नव्हतं. लीलाधरनेही नाही. गाडी दारात आली तेव्हा त्या सूप घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा तांदूळ पाखडायला घेतले. तेव्हापासून लीलाधरला जेवण गोड लागत नव्हतं. आई रागावली असती तरी चाललं असतं. ती गप्प होती, आणि गप्प असलेल्या आईपुढे चांगल्या चांगल्यांची पाचावर धारण बसते.

नानांना ही बातमी पारोळ्याच्या बाजारात कळली होती. धुळ्याला त्यांचा सरकीचा मोठा धंदा. आबांचा हा धाकटा भाऊ शहरात राहून बोलण्याने शहरी झाला होता, पण आबांचं नाव निघालं की अजून हळवा व्हायचा. स्वतःची अॅम्बॅसिडर ड्रायव्हरसकट रावेर रस्त्यावरच्या फाट्यावर उभी करून, कोणाच्या तरी बैलगाडीतून ते धोतर सावरत गावात आले होते.

"या गाडीत मी चालवायला शिकलो," ओट्यावर बसत ते म्हणाले. "माझी वरात हिच्यातून निघाली. दादा चालवायला, मी शेजारी. मागे वहिनी. खिडक्यांना हिरवे पडदे, ते वहिनींनी स्वतः शिवले होते. गाडी गावातून गेली की लोक उठून उभे राहायचे. आत कोण बाई बसलीय, नखसुद्धा दिसायचं नाही. काय शोभा होती त्या गाडीची. आणि तू तिला घड वाहायला लावलंस."

"नाना, माल सडून राहिला व्हता."

"मग ट्रॅक्टर घ्यायचा. दादाला का कापलंस?"

हे लीलाधरला फार लागलं. तो खांबाला टेकला. दाराआड चहाचे कप घेऊन उभी असलेली त्याची बायको कुंदा तिथेच थबकली.

नाना जरा नरमले. म्हणाले, "हे बघ. धुळ्यात माझ्या ओळखीचा मिस्तरी आहे, जुन्या गाड्यांचा. कापलेला भाग तू गोठ्यामागे ठेवलायस, मघाशी बघितला मी. गादीवर कोंबड्या बसल्यात, पण पत्रा शाबूत आहे. तो सगळं पहिल्यासारखं जोडून देईल. खर्च माझा. फक्त वहिनींनी सांगावं. त्यांनी हो म्हटलं की गाडी मी धुळ्याला नेतो."

लीलाधरने गाडीकडे पाहिलं. तिच्यापायी तो महिनाभर जळगावला गॅरेजात लाकडी बाकावर झोपला होता. कालच तिने नाल्यातून पहिला माल बाहेर काढला होता, एकही घड न खरचटता. पण तो म्हणाला,

"आई म्हनीन तसं."

बेबाबाई आतून आल्या. दिरासमोर पदर डोक्यावरून नीट घेतला आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. आतून सगळं त्यांनी ऐकलं होतं, हे कोणाला सांगायची गरज नव्हती.

"वहिनी, मी काही बोलणार नाही. तुमच्या मनात काय असेल ते मला समजतं. तुम्ही फक्त एक शब्द सांगा."

बेबाबाईंनी गाडी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"नाना, मी तिच्यात अजून बसली नही. बसल्याबिगर काय सांगू?"

गावाने इतकी मतं दिली होती, पण बसून बघायचं मत कोणाचं नव्हतं.

कुंदाने घरातलं स्टूल आणून डाव्या दाराशी मांडलं. लीलाधरने हात पुढे केला. बेबाबाईंनी तो घेतला नाही. नऊवारीचा काष्टा घट्ट केला, दाराची दांडी धरली, आणि एका पायात जोर देऊन वर चढल्या. वर बसल्यावर त्यांनी खाली बघितलं. अंगण, ओटा, ओट्यावरचे नाना, सगळं बरंच खाली राहिलं होतं.

गाडी गल्लीतून निघाली. ओट्याओट्यावरून माणसं बघायला उठली. बेबाबाईंनी सवयीने पदर पुढे ओढला, आणि मग शेताच्या रस्त्याला लागल्यावर तो हळूच कानामागे सारला.

दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. खालून चालताना नुसती भिंत वाटते. वरून मात्र पानांचे शेंडे दिसत होते, दूरपर्यंत, आणि त्यांच्यापलीकडे निळी रेघ.

"तो सातपुडा?"

"मंग. रोजचाच आहे तो."

"वट्यावरून रोजचा. गाडीतून कधी नही पाह्यला." त्यांनी मान वळवून मागच्या हौद्याकडे पाहिलं. "मले गाडीतून तुह्या बापाची टोपी दिसे. अन् शेजारी जो कोनी बसेल असे त्याची टोपी. वरनगावले तुही बहीन दिली, किती खेपा केल्या तिच्याकडे. पन तिच्या गावचा रस्ता कसा आहे, कोनी इचारलं त मले सांगता नही यायचं."

लीलाधर गाडी चालवत राहिला. इतके दिवस अडकलेलं शेवटी बाहेर पडलं.

"आई, गाडी कापली म्हनून राग आला का तुले?"

"तुह्या बापाले आला असता."

"अन् तुले?"

समोर नाला आला. पाणी गढूळ, चाकं अर्धी बुडतील एवढं. लीलाधरने वेग कमी केला.

"आठूनच फिरवतो."

"काबरं?"

"पानी आहे. तू घाबरशीन."

"घाल नाल्यात," बेबाबाई म्हणाल्या.

त्याने घातली. गाडी डावीकडे कलली, उजवीकडे कलली, बुडाखाली दगड करकरले, पाणी पायाखालच्या पत्र्यापर्यंत उसळलं. बेबाबाईंनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. पलीकडच्या चढावर गाडीने एकदा मागे घसरल्यासारखं केलं आणि मग चारही चाकांनी चिखल उडवत ती वर आली. लीलाधरने घाबरून आईकडे पाहिलं. ती तोंडावर पदर धरून हसत होती. आबा गेल्यापासून तिला असं हसताना त्याने पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे आबा असतानाही पाहिलं नव्हतं.

"आता परत घाल," ती म्हणाली.

घरी आले तोवर उत्तरेकडून आभाळ भरून आलं होतं. नाना छत्री घेऊन अंगणातच उभे होते. फाट्यावर ड्रायव्हर ताटकळला असणार, पावसाआधी डांबरी गाठायला हवी होती, आणि ज्या बैलगाडीतून ते आले तिचे बैल तर केव्हाच रानात गेले होते. फाट्यापर्यंत चिखलातून जाणारं गावात आता एकच वाहन होतं, आणि त्याबद्दल नानांचं मत सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

"लीलाधर, मला तेवढं फाट्यावर सोड," ते दुसरीकडे बघत म्हणाले.

"बसा ना, नाना."

नाना डाव्या दाराशी आले. कुंदाने स्टूल मांडलं. नाना स्टुलापाशी थांबले, वहिनी उतरायची वाट बघत. मोठ्या भावजयीला उतर म्हणायचं नसतं, ती आपणहून उतरते; आजवर तसंच होत आलं होतं. बेबाबाई समोर बघत बसल्या होत्या. इंजिन चालूच होतं. लीलाधरने आईकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि गिअरच्या दांड्यावरची धूळ पुसायला घेतली.

"वहिनी," नाना अखेर म्हणाले, "मग काय ठरलं? गाडीचं?"

"पानी येईल नाना. निंघा लवकर. फाट्यापर्यंत येतो आम्ही दोघं तुम्हाले सोडाले." मग त्यांनी सुनेला हाक मारली. "कुंदा, मागं गोधडी टाक व माय. नानांचं धोतर खराब होईल."

कुंदाने हौद्यात गोधडी घातली, चांगली दुहेरी करून. स्टूल मागे नेलं. नानांनी चपला काढून हातात घेतल्या, छत्री काखेत मारली, आणि अभिमनने ओट्यावरून उतरून दिलेल्या हाताच्या आधाराने ते मागे चढले. गाडीला हत्तीरोग झाल्याचं सांगणारा अभिमन त्यांना म्हणाला, "दांडीले धरा बरं का. मधात झटके देते."

गाडी निघाली. गावाबाहेर पडली तसा रस्ता खराब झाला, आणि लीलाधरने बैलगाड्यांच्या चाकोरीतून जोर लावला. डिझेलचा आवाज कानठळ्या बसवणारा. वारा आणि वाऱ्याबरोबर पावसाचे दोन-चार थेंब समोरून आत येत होते. बेबाबाई रस्ता बघत होत्या, आणि मध्येच त्यांनी मान जरा वळवून कान मागे केला.

"धीरे घे," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"नाना म्हनून राहिले, धीरे घे."

लीलाधरने मागे वळून पाहिलं. नाना एका हाताने दांडी धरून पत्र्यावर थापा मारत होते, तोंड उघडत होतं, मिटत होतं.

"मले त काहीच नही आलं ऐकू."

"मागं बसेल मानसाचं पुढच्याले ऐकू येत नही," बेबाबाई म्हणाल्या. "मले माहीत आहे. घे धीरे."