तवनाप्पांच्या कारल्यातली माशी

माशा मारायला सरकार मदत करतं हे आम्हाला ठाऊक होतं. माशा सोडायलाही करतं, हे आमच्या कुंडल गावाला यंदा कळलं.

फळमाशी कारल्याला टोचते, आत अंडी घालते आणि कारलं आतून वळवळायला लागतं. त्यावर आपल्या अणुसंशोधकांनी बाहेरदेशांशी हात मिळवून तोडगा आणला. प्रयोगशाळेत नर वाढवायचे, कोषात असतानाच त्यांना किरणांचा बेताचा डोस द्यायचा आणि रानात सोडायचं. मादीशी जुळतात, पण अंडी उबत नाहीत. अट एकच, शिवारात कुणी फवारायचं नाही, नाहीतर सोडलेले नरच मरायचे.

ही अट सगळ्यांच्या गळी उतरवली तवनाप्पांनी. पाणी गाळून पिणारा जैन माणूस. औषध मारतानाही ओठांत णमोकार मंत्र चालायचा. "बिनहत्येची शेती" म्हणत ते दारोदार फिरले. भाऊसो म्हणजे रिटायर सुभेदार, घरच्यांचंही न ऐकणारा. त्यालासुद्धा त्यांनी फवारणीचा पंप माळ्यावर टाकायला लावला. एवढं पुण्य मी त्यांच्या जमेला तेव्हाच धरलं.

सोडायच्या दिवशी सकाळी मॉरिशसहून तज्ज्ञ आल्या, दीपमालाबाई. त्यांच्या बेटावर हेच काम चालतं. खापरपणजोबा इकडून गेलेले, त्यामुळं मराठी येते, तीही आमच्यापेक्षा स्वच्छ. एकेका रानात नरांची खोकी उघडत गेली, तसा गलका वाढत गेला.

"आमी अणू म्हणलं की बाँबच समजायचो," भाऊसो ओरडला. "ह्यो तर वऱ्हाड घिऊन आला गड्या!"

राहिलं मधलं, तवनाप्पांचं कारल्याचं रान. ते राहून गेलं तर तिथली पैदास पुन्हा शिवारभर होणार, सगळ्यांचं मुसळ केरात. ऊन तर चढायला लागलेलं, खोक्यातले नर तापून मरायचे. आणि खोक्याला हात घालता घालता तवनाप्पा थबकले.

"बाई, ह्यास्नी पोरं व्हनार न्हाईत म्हणता. मग ह्ये पाप न्हवं का?"

बाईंनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "खोटं सांगत नाही, काका. यांना मुलं होणार नाहीत. ते आम्हीच केलंय."

तवनाप्पा बांधावर बसलेच.

"आवं काका," भाऊसो तडकला, "आमचं पंप बंद केलं तुमी, आन आता तुमच्याच मांडवात लगीन मोडताय व्हय?"

पद्मावतीकाकू चहाची किटली घेऊन येत होत्या. त्यांनी किटली ठेवली, वेलावरचं एक कारलं तोडलं आणि नवऱ्यापुढं मोडलं. आत अळ्याच अळ्या.

"फवारताना तुमी णमोकार म्हणता, चिरताना मी म्हणती. माझ्या इळीखाली किती मेलं, कुणी मोजलंया? जी जल्मालाच येणार न्हाईत, ती तरी इळीखाली सापडणार न्हाईत. उघडा, न्हाईतर मी उघडती."

तवनाप्पांनी ते मोडलं कारलं हातात घेतलं, अलगद बांधावर ठेवलं. मग उठले आणि झाकण सर्रकन ओढलं.

ओळखू यावेत म्हणून गुलाबी भुकटी लावलेले ते नर भुर्र करून उठले, मांडवावर पसरले, पानांवर, आमच्या टोप्यांवर बसले. बायका हसायला लागल्या, दीपमालाबाईंनी टाळ्या वाजवल्या. एक नर भाऊसोच्या मानेवर बसला. भाऊसोनं सवयीनं पंजा उगारला, तोच तवनाप्पांनी झडप घालून मनगट धरलं.

"मारू नगंस रं! जावई हाय त्यो माझा!"