काटक आणि हडकुळा

मित्रांनो, मी एक जुने रंगांचे कार्ड आहे, आणि आज मला संताप आला आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिनेसोटातला, रंगाच्या दुकानातला. एकाखाली एक पाच तपकिरी पट्ट्या, वर फिकी, खाली गडद. दुकानात फुकट मिळणारी अशी कार्डे आमच्याकडचे शिक्षक शाळेत नेतात, तसे हाल्व्होर्सन बाईंनी मला नेले आणि माझ्यावर शाईने लिहिले: काटक, सडपातळ, बारीक, किडकिडीत, हडकुळा. वर कौतुक, खाली हिणवणे. "रंग हातात सारखेच वाटतात, भिंतीला लावले की कळतं," त्या म्हणत. "गोष्टीतल्या माणसालाही शब्द लावून बघा." मुले माझ्यावरून तावातावाने वाद घालत. कोपरे झिजले, पण मान होता.

यंदा बाई निवृत्त झाल्या. ग्रिग सर आले आणि माझी रवानगी दारामागच्या खिळ्यावर झाली. शाळेतल्या आजी-आजोबांच्या दिवसासाठी वर्गातल्या काइसाने गोष्ट लिहिली. एक बारीक म्हातारा गोठलेल्या तळ्यात पडलेल्या कुत्र्याला वाचवतो. म्हातारा अगदी तिच्या आर्व्हो आजोबांसारखा.

सरांनी नाक मुरडले. "बारीक? काय मिळमिळीत शब्द आहे. त्या कार्डावरचा सगळ्यात गडद घे. अर्थ एकच."

अर्थ एकच म्हणे. मग पाच रंग कशाला छापले होते?

आजी-आजोबांच्या दिवशी काइसाने सगळ्यांसमोर वाचले, "एक हडकुळा म्हातारा बर्फावर बसला होता." मुले खिदळली. छोट्याशा खुर्चीत बसलेल्या आजोबांनी हातातला वेलचीचा पाव खाली ठेवला आणि मनगटे बाहीत ओढून घेतली. मला ते बघवले नाही.

"कशी वाटली, आजोबा?"

"छान गं." मग हळूच म्हणाले, "मी तसा दिसतो होय तुला?"

"नाही हो. सर म्हणाले, जोरदार शब्द घे."

"बरं. कुत्रा वाचला का शेवटी?"

"आत्ताच तर वाचून दाखवलं की."

"त्या शब्दापुढचं माझ्या कानात काही शिरलंच नाही बघ."

काइसाचा चेहरा पडला. तिने मला खिळ्यावरून ओढले, आजोबांच्या मनगटाशी धरले आणि बोट खालून वर नेले. मग सरांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा वाचले, "एक काटक म्हातारा बर्फावर बसला होता."

आजोबांनी पाव उचलला. "हं. मग पुढे काय झालं?"

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. मी फुकटचे कार्ड, फाटले तर फाटले. पण यापुढे कोणी 'अर्थ एकच' म्हणाले, तर माझ्या शेवटच्या पट्टीवरचा शब्द त्याला आधी स्वतःच्या आजोबांना लावून बघायला सांगा.